आत रूट, बाहेर साधा वापरकर्ता

वसई गावात होळी बाजाराच्या आसपास राहणाऱ्या आणि सकाळची लोकल पकडून अंधेरी-गोरेगावची ऑफिसं गाठणाऱ्या माणसांत सॉफ्टवेअरची कामं करणारेही असतात. समजा, त्यांच्यातली एक तरुणी सुट्टीच्या दिवशी घरच्या जुन्या संगणकावर हौसेचं काम करते आहे. वाडवळी, कादोडी अशा वसईच्या बोलींतल्या म्हणी आणि लग्नातली गाणी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून रेकॉर्ड करायची आणि एका छोट्या संकेतस्थळावर जपून ठेवायची. संगणकावर उबुंटू आहे, कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅम बाकी यंत्रापासून वेगळा ठेवणाऱ्या बंद खोल्या, चालवायला पॉडमन आहे आणि यंत्रावर सगळं काही करू देणारा रूटचा अधिकार कुठेही वापरायचा नाही असं तिनं ठरवलं आहे. संकेतस्थळ उघडतं, आधीची रेकॉर्डिंग वाजतात. नवं रेकॉर्डिंग चढवायला गेलं की मात्र एकच ओळ येते: परमिशन डिनाइड.

फोल्डर तिचा, संगणक तिचा, कंटेनरही तिनंच सुरू केलेला. मग नकार कोण देतंय, आणि मुख्य म्हणजे कोणाला?

हा नकार अनेकांना डॉकर या पॉडमनसारख्याच साधनाच्या नेहमीच्या मांडणीत कधी भेटलेला नसतो. डॉकर मार्च २०१३ मध्ये लोकांसमोर आलं. त्याच्या मूळ मांडणीत रूटच्या अधिकाराने चालणारा एक सेवक सतत जागा असतो आणि आपण त्याला फक्त हुकूम सोडतो. कंटेनरमधला रूट हा यंत्राचाही खराखुरा रूट असल्यामुळे लिहिण्याच्या परवानगीचा प्रश्न क्वचितच उभा राहतो. या सोयीची किंमत मोठी आहे. डॉकरच्या गटात ज्याचं नाव घातलं तो माणूस प्रत्यक्षात त्या यंत्राचा रूट झाला, कारण तो संपूर्ण डिस्क कंटेनरमध्ये जोडून हवं ते बदलू शकतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये कंटेनर सुरू करणाऱ्या 'रनसी' या प्रोग्रॅममध्ये एक गंभीर भगदाड उघड झालं. कंटेनरच्या आत रूट म्हणून चालणारा दुष्ट प्रोग्रॅम बाहेरच्या रनसीच्या फाईलवरच स्वतःला लिहू शकत होता, आणि मग सगळं यंत्र त्याच्या ताब्यात. ज्यांच्या कंटेनरमधला रूट बाहेर साधा वापरकर्ता होता, त्यांच्याकडे हा हल्ला तिथेच अडत होता.

रूटशिवाय कंटेनर चालवण्याचा खटाटोप म्हणूनच करायचा. पॉडमन सुरुवातीपासून याच दिशेने गेलं, त्याची १.० आवृत्ती जानेवारी २०१९ ची. डॉकरनेही त्याच वर्षी रूटशिवायची पद्धत प्रयोग म्हणून आणली आणि २०२० च्या अखेरीस २०.१० आवृत्तीत ती पक्की केली. दोघांचाही पाया एकच, लिनक्सच्या कर्नलमधली 'युझर नेमस्पेस' ही सोय. फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या ३.८ आवृत्तीपासून साध्या वापरकर्त्यालाही ती वापरता येऊ लागली.

आता मूळ मुद्दा. कर्नलला माणसांची नावं माहीत नसतात. फाईलवर मालक म्हणून फक्त एक क्रमांक लिहिलेला असतो, त्याला यूआयडी म्हणतात. गटाचाही तसाच क्रमांक असतो. नावं आपल्या सोयीसाठी वेगळ्या फाईलमध्ये ठेवलेली असतात. उबुंटूवर पहिल्या वापरकर्त्याला सहसा १००० हा क्रमांक मिळतो, रूटचा क्रमांक नेहमी ०.

वसई तालुक्यातल्या जमिनीचे कागद ज्यांनी हाताळले आहेत त्यांना पुढची गोष्ट लगेच कळेल. तिथल्या खरेदीखतांत एकाच तुकड्याचे पुष्कळदा दोन नंबर येतात, जुना सर्व्हे नंबर आणि नवा सर्व्हे नंबर. जमीन तीच, बांध तेच. पण जुन्या कागदावरचा ४२ आणि नव्या कागदावरचा ४२ हे दोन वेगळे तुकडे असू शकतात, आणि कोणता जुना नंबर कोणत्या नव्याला लागतो याची यादी हाताशी नसेल तर माणूस भलत्याच्याच सातबाऱ्यावर हक्क सांगून बसतो. युझर नेमस्पेसमध्ये नेमकं हेच आहे. आतल्या क्रमांकांची एक पट्टी, बाहेरच्या क्रमांकांची दुसरी, आणि त्यांची सांगड घालणारी एक यादी.

ही यादी प्रत्यक्ष वाचता येते. पॉडमनची 'अनशेअर' नावाची आज्ञा आपल्याला त्या आतल्या जगात उभं करते. तिथून 'प्रॉक' फोल्डरातली, चालू प्रक्रियेची 'यूआयडी-मॅप' नावाची फाईल दाखवायला सांगायचं. उबुंटूवर बहुधा दोन ओळी दिसतात, प्रत्येकीत तीन आकडे. पहिली ओळ ०, १०००, १. दुसरी ओळ १, १०००००, ६५५३६. पहिला आकडा आतला क्रमांक कुठून सुरू होतो ते सांगतो, दुसरा त्याच्या जोडीचा बाहेरचा क्रमांक, आणि तिसरा असे किती क्रमांक सलग जोडले आहेत ते. म्हणजे आतला रूट, क्रमांक ०, हा बाहेर तुम्हीच आहात, क्रमांक १०००. आतला १ म्हणजे बाहेरचा १०००००, आतला २ म्हणजे १००००१, आणि पुढे तसंच. बाहेरच्या क्रमांकांची ही पट्टी 'ईटीसी' फोल्डरातल्या 'सबयूआयडी' आणि 'सबजीआयडी' या दोन फाईलींत तुमच्या नावावर राखून ठेवलेली असते. फेडोरासारख्या काही वितरणांच्या नव्या आवृत्त्यांत ती ५२४२८८ पासून सुरू होते, त्यामुळे हिशेब करताना आपल्या यंत्रावरचा आकडा बघूनच करावा.

आता त्या तरुणीच्या संकेतस्थळाकडे वळू. ते नोडजेएसवर लिहिलेलं आहे. नोडजेएसच्या अधिकृत इमेजमध्ये, म्हणजे कंटेनर ज्यातून उभा राहतो त्या तयार साच्यात, 'नोड' नावाचा एक वापरकर्ता आधीच तयार असतो आणि त्याचा क्रमांक १००० आहे. चांगल्या सवयीप्रमाणे तिनं आपला प्रोग्रॅम त्याच वापरकर्त्याच्या नावाने चालवला. बाहेरचा फोल्डर १००० चा, आतला प्रोग्रॅम १००० चा, म्हणजे जुळायला हवं असं कोणालाही वाटेल. पण आतला १००० म्हणजे बाहेर १०००००मध्ये ९९९ मिळवून १००९९९. कर्नलच्या नजरेत फोल्डरच्या दाराशी आलेला हा कुणी १००९९९ क्रमांकाचा परका. फोल्डरच्या परवानग्या ७५५ होत्या, म्हणजे मालकाने लिहावं, बाकीच्यांनी वाचावं आणि आत यावं. त्यामुळे जुनी रेकॉर्डिंग वाजली आणि नवं लिहिता आलं नाही. कर्नलने नियमाबाहेर काहीही केलं नव्हतं.

एकसारखे दिसणारे आकडे हाच या विषयातला सर्वांत फसवा भाग आहे. नाव जुळतं का हे बघून उपयोग नाही, आणि क्रमांक जुळतो का हे बघूनही नाही. यादीतून पार झाल्यावर तो क्रमांक काय होतो ते बघावं लागतं. त्यासाठी फाईलींची यादी दाखवणाऱ्या 'एलएस' आज्ञेला 'एल' आणि 'एन' हे दोन पर्याय जोडून चालवावं, म्हणजे नावांऐवजी क्रमांक दिसतात. एकदा बाहेरून बघावं आणि एकदा अनशेअरमधून. त्याच फोल्डरचा मालक बाहेर १००० आणि आत ० दिसेल. आत ६५५३४ किंवा 'नोबडी' असा मालक दिसला, तर त्या फाईलचा खरा मालक यादीतच नाही असा अर्थ. अशा फाईलींपुढे कंटेनरमधला रूटही साध्या परक्यासारखाच असतो. त्याची सत्ता यादीतल्या क्रमांकांपुरती.

उपाय अनेक आहेत आणि ते एकसारखे चांगले नाहीत. ज्या फाईली आपणही उघडणार, नक्कल करणार, पेनड्राइव्हवर नेणार, त्यांच्यासाठी पॉडमनचा 'कीप-आयडी' हा पर्याय मी सर्वांत वर ठेवीन. कंटेनर सुरू करताना युझर नेमस्पेसच्या पर्यायात हा शब्द दिला की यादी बदलते आणि बाहेरचा १००० आतही १००० च राहतो. या तरुणीचा प्रश्न एवढ्यानेच सुटतो, आणि चढवलेलं प्रत्येक रेकॉर्डिंग डिस्कवर तिच्याच नावावर पडतं. इमेजमधला वापरकर्ता दुसऱ्या क्रमांकाचा असेल, जसा ग्राफानाचा ४७२, तर पॉडमनच्या ४.३ आवृत्तीपासून कीप-आयडीलाच तो क्रमांक सांगता येतो, म्हणजे आतला ४७२ थेट तुम्ही होता.

दुसरा मार्ग ऐकायला उलटा वाटतो. प्रोग्रॅम आत रूट म्हणून चालवायचा. नेहमीच्या डॉकरमध्ये हे टाळायला शिकवतात, पण रूटशिवायच्या मांडणीत आतला रूट म्हणजे बाहेर तुम्हीच, त्यामुळे फाईली तुमच्याच नावावर तयार होतात. तरीही मला हा मार्ग दुय्यम वाटतो. प्रोग्रॅममध्ये भगदाड असेल तर हल्लेखोराला तुमच्या क्रमांकाचे हक्क कीप-आयडीतही मिळतात, पण इथे त्यांच्या जोडीला आतल्या रूटची सत्ताही मिळते; १००९९९ सारख्या कोऱ्या क्रमांकाकडे मात्र तुमच्या फाईलींवर कसलाच खास हक्क नसतो. डॉकरच्या रूटशिवायच्या पद्धतीत कीप-आयडीसारखी सोय नाही, त्यामुळे तिथे पुष्कळांना हाच मार्ग जवळचा वाटतो.

तिसरा मार्ग मालकी बदलण्याचा. अनशेअरमध्ये शिरून फोल्डरची मालकी १००० ला द्यायची. आपण आतल्या पट्टीत बोलत असल्यामुळे डिस्कवर १००९९९ लिहिलं जातं आणि प्रोग्रॅमला लिहिता येतं. रूटशिवायच्या डॉकरमध्ये तोच फोल्डर जोडून रूटचा क्षणभराचा कंटेनर चालवायचा आणि त्यातून मालकी बदलायची, परिणाम तोच. पॉडमनमध्ये फोल्डर जोडताना शेवटी मोठा 'यू' लावला तर हे आपोआप होतं. पण तो 'यू' आतल्या प्रत्येक फाईलची मालकी बदलत जातो. चुकून आपल्या इतर कामांच्या फाईलींनी भरलेला फोल्डर जोडून 'यू' लावला, तर आपल्याच फाईलींना आपण परके होतो.

डेटाबेसच्या बाबतीत तक्रार बरोबर उलट्या बाजूने येते. पोस्टग्रेसची डेबियनवर बेतलेली अधिकृत इमेज आत रूट म्हणून सुरू होते, डेटाच्या फोल्डरची मालकी ९९९ क्रमांकाच्या पोस्टग्रेसला देते आणि मग स्वतः ९९९ होऊन काम करते. त्यामुळे लिहिताना अडचण येत नाही, सगळं सुरळीत चालतं. आठवड्याने तुम्ही बॅकअप घ्यायला जाता तेव्हा तुमच्याच होम फोल्डरातल्या त्या फोल्डरात तुम्हाला डोकावताही येत नाही, कारण त्याचा मालक आता १००९९८ आहे आणि दार इतरांना बंद आहे. पुसायचं म्हटलं तरी जमत नाही. अनशेअरमधून मात्र सगळं जमतं, कारण १००९९८ तुमच्याच पट्टीतला क्रमांक आहे. माझं मत असं की डेटाबेसच्या फाईलींशी आपण हाताने खेळूच नये. त्या पॉडमन स्वतः सांभाळतं अशा साठवणीत, म्हणजे व्हॉल्यूममध्ये, ठेवाव्यात आणि बॅकअप डेटाबेसच्या बॅकअप घेणाऱ्या आज्ञेनेच घ्यावा.

आता ७७७ बद्दल. सीएचमॉड ७७७ म्हणजे यंत्रावरच्या प्रत्येक वापरकर्त्याने आणि प्रत्येक प्रोग्रॅमने इथे यावं, वाचावं, लिहावं, पुसावं. घाईच्या वेळी कोणीतरी हा सल्ला देतंच आणि तो बहुतेकदा चालतोही, म्हणून तो पसरतो. पण ज्या बंधनासाठी रूट सोडला ते बंधनच त्याने निघून जातं, आणि मालकीचा घोळ तसाच राहतो: नव्या फाईली परक्या क्रमांकावर तयार होत राहतात आणि पुढचा अडथळा महिन्याभराने येतो. काही प्रोग्रॅम तर हे खपवूनच घेत नाहीत. डेटाचा फोल्डर सर्वांना उघडा दिसला तर पोस्टग्रेसचा सर्व्हर सुरू व्हायलाच नकार देतो.

पॉडमनच्या आधी सुडो लावणं, म्हणजे ते रूटच्या अधिकाराने चालवणं, त्याहून वाईट. रूटचं पॉडमन आणि तुमचं पॉडमन यांची कोठारं वेगळी, त्यामुळे आधीच्या इमेज आणि व्हॉल्यूम दिसेनासे होतात. त्या एका चालवण्यात फोल्डरात तयार झालेल्या फाईली खऱ्या ० किंवा खऱ्या ९९९ क्रमांकावर जातात. हे क्रमांक तुमच्या पट्टीत नसल्यामुळे पुढच्या वेळी रूटशिवाय चालवताना ते नोबडी दिसतात आणि अनशेअरही हतबल होतं. मग मालकी परत मिळवायला खरोखरच रूट लागतो.

नकाराचे शब्द नीट वाचले तरी बराच वेळ वाचतो. 'परमिशन डिनाइड' आलं तर मालकी आणि परवानग्या तपासाव्यात. 'ऑपरेशन नॉट परमिटेड' बहुधा असं सांगतं की मागितलेली कृतीच, उदाहरणार्थ मालकी बदलणं, या वापरकर्त्याच्या हक्काबाहेरची आहे. 'रीड-ओन्ली फाईल सिस्टिम' असं आलं तर मालकीकडे बघूच नये. ती जागाच वाचनापुरती जोडलेली आहे आणि कितीही सीएचमॉड केलं तरी तिथे लिहिता येणार नाही. जोडणी बदलावी लागते.

फेडोरा, रेड हॅट किंवा अल्मालिनक्सवर असाल तर आणखी एक पहारेकरी आहे, एसईलिनक्स. क्रमांक बरोबर, परवानग्या बरोबर, तरीही परमिशन डिनाइड येत असेल तर तो नकार बहुधा एसईलिनक्सचा असतो. तो फाईलींना लेबलं लावतो आणि कंटेनरला फक्त कंटेनरच्या लेबलाच्या फाईली हाताळू देतो. फोल्डर जोडताना शेवटी मोठा 'झेड' लावला की त्या एका कंटेनरपुरतं लेबल लागतं, लहान 'झेड' लावला की अनेक कंटेनरांना तो फोल्डर वापरता येतो. होम किंवा सिस्टिमच्या फोल्डरांवर मात्र हा झेड कधीही लावू नये. तिथली लेबलं बदलली की यंत्राच्या इतर सेवाच कोलमडू लागतात. एसईलिनक्स बंदच करून टाकण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो आणि तो ७७७ च्याच जातीचा आहे.

घरच्या संगणकावर रूटशिवाय राहणं ही निवड असते. सामायिक यंत्रांवर ती अट असते. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला. आज परम मालिकेतली 'परम ब्रह्म' ही यंत्रणा पुण्याच्याच आयसर संस्थेत आहे. अशा यंत्रांवर अनेक संशोधकांची कामं एकाच वेळी रांगेत असतात आणि कोणाही विद्यार्थ्याला रूट मिळत नाही. मिळाला, तर बाकी सगळ्यांची माहिती त्याच्यापुढे उघडी पडेल. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, सर्नच्या सीएमएस प्रयोगाचं एक गणनकेंद्र चालतं. जगभर पसरलेल्या अशा सुमारे १७० केंद्रांच्या जाळ्यातलं ते एक. दुसऱ्या देशातल्या भौतिकशास्त्रज्ञाने पाठवलेलं काम तिथल्या प्रोसेसरवर येऊन चालतं. अनोळखी माणसाचं काम आपल्या यंत्रावर सुरक्षित चालावं आणि त्याला हवी ती लिनक्सची आवृत्तीही मिळावी, म्हणून सीएमएसची कामं कंटेनरमध्ये गुंडाळून चालवली जातात.

त्यासाठी वापरलं जाणारं साधन म्हणजे ॲप्टेनर. आधी त्याचं नाव सिंग्युलॅरिटी होतं, अमेरिकेच्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ग्रेगरी कर्ट्झर यांनी ते सुरू केलं आणि २०२१ मध्ये लिनक्स फाउंडेशनकडे जाताना त्याचं नाव बदललं. त्याची रचना आधीच्या सगळ्या घोळाला सरळ उत्तर देते. बाहेर तुमचा जो क्रमांक, तोच आत. सांगड घालण्याचा प्रश्नच नाही, आणि फाईली जिथे तिथे तुमच्याच नावावर. पण इमेज ही एकच गोठवलेली फाईल असते आणि तिच्यात लिहिता येत नाही, म्हणून इथली नेहमीची तक्रार 'रीड-ओन्ली फाईल सिस्टिम' अशी येते. पायथनचं एखादं पॅकेज आपली तात्पुरती साठवण इमेजच्या आतल्या फोल्डरात ठेवू बघतं आणि काम कोसळतं. होम, टीएमपी आणि चालू फोल्डर सहसा आपोआप जोडलेले असतात, तेव्हा त्या पॅकेजला साठवणीची जागा तिथली दाखवायची, किंवा लागेल तो फोल्डर बाहेरून जोडायचा. थोडक्या वेळापुरतं लिहिणं असेल तर मेमरीत तात्पुरता थर देणारा पर्यायही आहे. काम संपलं की त्यातलं सगळं पुसलं जातं, म्हणून निकाल तिथे ठेवू नयेत.

कॉलेजांच्या प्रयोगशाळांत आणखी एक अडचण हमखास येते. विद्यार्थ्यांचे होम फोल्डर एनएफएस पद्धतीने दूरच्या सर्व्हरवर असतात. पॉडमन आपलं कोठार होममध्ये मांडतं आणि इमेज उलगडताना फाईली १०००३२, १००९९८ अशा क्रमांकांच्या नावावर करू बघतं. पण सांगड घालणारी यादी फक्त विद्यार्थ्यासमोरच्या यंत्राला ठाऊक असते. दूरच्या सर्व्हरला एवढंच दिसतं की १००० क्रमांकाचा वापरकर्ता परक्याच्या नावावर फाईल करू पाहतो आहे, आणि तो नकार देतो. विद्यार्थी इमेजला दोष देत राहतो. कोठार त्या यंत्राच्या स्वतःच्या डिस्कवर हलवणं हाच इथला इलाज. 'यूआयडी किंवा जीआयडी अपुरे' अशा अर्थाची चूक आली तर कारण आणखी साधं असतं. त्या वापरकर्त्याच्या नावाने सबयूआयडी आणि सबजीआयडी फाईलींत ओळच नसते, आणि ती तो स्वतः घालू शकत नाही.

युझर नेमस्पेसच्या सोयीला विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही खोटं नाही. तिच्यामुळे साध्या वापरकर्त्यापुढे कर्नलचा असा भाग उघडा होतो जो पूर्वी फक्त रूटपुढे होता, आणि त्यात वेळोवेळी भगदाडं सापडली आहेत. उबुंटूने २४.०४ आवृत्तीत याच कारणाने तिच्यावर डीफॉल्ट बंधनं घातली. पण पर्याय काय, हे बघावं लागतं. सोय सरसकट बंद केली की विद्यार्थी डॉकरच्या गटात नाव घालून मागतात, म्हणजे खरा रूटच मागतात. त्यापेक्षा कर्नल वेळच्या वेळी अद्ययावत ठेवून ही सोय चालू ठेवणं कितीतरी चांगलं.

म्हणून वसईपासून पुण्यापर्यंत कॉलेजांच्या प्रयोगशाळा सांभाळणाऱ्यांना एक विनंती. प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावाने सबयूआयडी आणि सबजीआयडी या दोन फाईलींत एकेक ओळ घाला, प्रत्येकाला ६५५३६ क्रमांकांची स्वतंत्र पट्टी द्या, दोघांच्या पट्ट्या एकमेकींवर येणार नाहीत हे बघा आणि स्थानिक डिस्कवर थोडी जागा राखून ठेवा. ओळी घातल्यावर विद्यार्थ्याला पॉडमनची 'सिस्टिम मायग्रेट' ही आज्ञा एकदा चालवायला सांगा, नाहीतर आधीची यादीच चालू राहते.